सहीची जागा

कराराचा कागद तीन दिवस फ्रिजवर आहे,
वर संत्र्याच्या फोडीचं चुंबक.
तळाशी माझ्या सहीची जागा,
टिंबाटिंबांची.

काका म्हणतात, बी.कॉम.चं एकच वर्ष उरलंय,
उद्या दांडिया बाजारात चार लोक विचारतील,
पोरगी लेथवर का बसली?
लेथवर बसत नाहीत, काका.
उभं राहतात. नऊ तास. पोटऱ्यांचे दगड होतात.
आई काहीच म्हणत नाही,
डब्यात एक पोळी मात्र जास्त असते हल्ली.

विद्यावेतन नऊ हजार सहाशे.
तेजल अलकापुरीत एसीत बसून, कानाला हेडफोन लावून
अठरा घेते, आणि तिची नखं बघण्यासारखी असतात.
माझ्या नखांत कूलंटचा वास,
नासक्या दुधाचा, थोडा साबणाचा,
रविवारीसुद्धा जात नाही.
आणि मकरपुऱ्याच्या त्या शेडमध्ये
बायकांच्या संडासाची किल्ली वॉचमनच्या खिशात असते.
दर वेळी मागायची.
दर वेळी तो आधी सगळे खिसे चाचपणार.
हेही हिशेबात धरायला हवं.
कॉमर्सची आहे मी. धरलंय.

जसुभाई पांचाळ अजून नावानं हाक मारत नाहीत.
ए बेन, म्हणतात, नाहीतर नुसती हनुवटी हलवतात.
चाचणीचे पंधरा दिवस. त्यातले पहिले चार
मी फक्त लोखंडाचा कीस झाडला,
निळा, कुरळा, गरम.
पाचव्या दिवशी मायक्रोमीटर हातात ठेवला, म्हणाले,
आवळू नको. नाडी बघतात तसं धर.

आठव्या दिवशी एक शाफ्ट वाया घालवला.
पंचवीसचा हवा होता,
चोवीस पॉइंट नऊ झाला.
ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर म्हणाले,
जास्त राहिलं तर पुन्हा कापता येतं,
कमी झालेलं कुणी वाढवून देत नाही.
आणि चहाला गेले.
रात्री मला ते वाक्य माझ्याबद्दल वाटलं.
सकाळी पुन्हा नुसतं शाफ्टबद्दल.

एकदा धीर करून विचारलं,
हे आपलंच काम, हे तुम्हाला कधी कळलं?
डावा कान गेलाय त्यांचा,
दोनदा विचारावं लागलं,
दुसऱ्यांदा तर मशीन बंद झाल्यावर, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं.
म्हणाले, मला विचारलं कुणी होतं?
बापाचा लेथ होता. हँडलपर्यंत हात पोचायची
वाट बघत होतो.
तुला विचारतायत. हीच तर पंचाईत आहे तुझी.

काल परतताना लालबागच्या पुलावर
शेअर रिक्षाच्या मागच्या चाकातून
बारीक कुरकुर यायला लागली.
बेअरिंग, मी म्हटलं.
मनात म्हणायचं होतं, मोठ्यानं निघालं.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं,
शेजारची बाई मेथीची पिशवी पोटाशी धरून सरकली.
उतरले, पैसे दिले, न्यायमंदिरापर्यंत चालत आले
तरी मी ते चाक उघडतच होते,
ग्रीस पुसत होते,
गोळ्या एकेक करून तळहातावर घेत होते.

तेजलला फोन केला. ती म्हणाली,
तुला जे आवडेल ते कर.
असं सांगणाऱ्या लोकांचा काही उपयोग नसतो.

उद्या दुपारी दोनपर्यंत कागद द्यायचाय.
पेन सापडलंय. चालतंय.
सहीआधी ऑफिसात एकच विचारणार आहे,
त्या किल्लीची दुसरी प्रत मला मिळेल का.
नाही म्हणाले, तर बघू.
खाचा मी पाहून ठेवल्यात.
पाच आहेत.
तिसरी सगळ्यात खोल.